मदत हवी: रास्पबेरी पायवरून प्रिंटर बोर्डात बूटलोडर जाऊन नाही राहिला

राजेहो, तीन दिवसांपासून अडकलोय. गाव दर्यापूर तालुक्यात. एका पोराकडून जुना चिनी थ्रीडी प्रिंटर घेतला. फवारणी पंपाच्या नोझलच्या टोप्या, ठिबकचे एंडकॅप असं काहीबाही छापतो, हंगामात गिऱ्हाईक असतं.

बोर्डावर चिप एटीमेगा १२८४पी आहे, पण आत बूटलोडर (यूएसबीवरून आलेला प्रोग्राम चिपमध्ये उतरवणारा छोटा प्रोग्राम) नाही, म्हणून यूएसबीवरून नवं फर्मवेअर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) चढत नाही. जुन्या फर्मवेअरमध्ये थर्मल रनअवेचं संरक्षण बंद आहे. म्हणजे थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर) जागेवरून सुटला तर हीटर तापतच राहणार. आणि दिवाळीनंतर त्याच खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला असतो. झोप कशी लागेल?

चिपमध्ये थेट लिहायला यूएसबीएएसपी प्रोग्रामर नाही, आर्डुइनो बोर्डही नाही. एक रास्पबेरी पाय ३ (छोटा संगणक) पडून होता. आयएसपीचा (चिपमध्ये थेट लिहायच्या जोडणीचा) एमओएसआय (चिपकडे जाणारा डेटा) पायच्या १९ व्या पिनेवर, एमआयएसओ (चिपकडून येणारा डेटा) २१ वर, एससीके (क्लॉक) २३ वर, रीसेट २५ वर, ५ व्होल्ट २ वर, ग्राउंड ६ वर जोडलं. पायवर एसपीआय (या वायरींवरून बोलायची सोय) चालू केलं, प्रिंटरचं एसडी कार्ड काढलं, एव्हीआरड्यूडला (चिपमध्ये लिहिणारं सॉफ्टवेअर) लिनक्सएसपीआय आणि रीसेटसाठी २५ दिलं. एकच उत्तर येते, डिव्हाइस बोलत नाही. जबरदस्तीने चालवलं तर सिग्नेचर (चिपचा ओळख क्रमांक) सगळं शून्य.

वायरी जोडल्या की स्क्रीनची निळी बत्ती लागते, पण अक्षर एक उमटत नाही. वायरी काढून नुसत्या यूएसबीवर लावला तर स्क्रीन पहिल्यासारखी. चिप गेली का? आणि लिहिता लिहिता लाईट गेली तर?

प्रतिसाद १

भाऊ, चिप ठणठणीत आहे, वायरी काढल्यावर स्क्रीन येते ना! वायरी लावल्या की अक्षरं जातात म्हणजे कोणीतरी रीसेट दाबून धरलंय. पायच्या पिनांना दोन नंबर असतात. एव्हीआरड्यूडला दिलेलं २५ म्हणजे जीपीआयओ २५ (सॉफ्टवेअरला कळणारा नंबर), ते हेडरवर (पिनांच्या पट्टीवर) मोजलं तर २२ व्या पिनेवर येतं. हेडरची २५ वी पिन चक्क ग्राउंड आहे! रीसेटची वायर तेवढी २२ वर न्या. मी पण यात एक रविवार घालवलाय.

दुसरं, एमआयएसओवर रेझिस्टर लावल्याचं दिसत नाही. बोर्ड ५ व्होल्टने बोलतो, पायच्या पिना ३.३ च्या आहेत. पाय उडायच्या आधी लावा. १ के चे तीन घ्या: बोर्डाकडून एक, तिथून ग्राउंडला दोन एकामागे एक, आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मधल्या जोडावरून पायला. ३.३३ व्होल्ट मिळतात. लिहिताना एमओएसआय आणि एससीके पायकडून बोर्डाकडे जातात, त्यांना काही लागत नाही.

प्रतिसाद २

लाईटचं म्हणाल तर, बूटलोडर अर्धवट राहिला तरी आयएसपीने पुन्हा लिहिता येतो. आयएसपी बंद करणारा फ्यूज (चिपमधली सेटिंग) आयएसपीतून बदलताच येत नाही. मात्र क्लॉकचा फ्यूज चुकला तर चिप गप्प बसते, म्हणून आधी आहेत ते फ्यूज वाचून वहीत लिहा, अंदाजाने काही टाकू नका. आणि चिप इरेझ झाली की जुनं फर्मवेअर जाणार, नव्या फर्मवेअरची हेक्स फाईल आधी तयार ठेवा. ई-स्टेप्सही (फिलामेंट, म्हणजे प्लास्टिकची तार, किती ढकलायची ते ठरवणारा आकडा) स्क्रीनवरून टिपून घ्या.

धागाकर्ता

देवा, २५ आणि २२! टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून रेझिस्टर आणले, त्याने पैसे पण नाही घेतले. वायर हलवली आणि पहिल्याच झटक्यात बरोबर सिग्नेचर, १ई ९७ ०५. बायको म्हणे काय ओरडून राहिले एवढे.

फ्यूज वहीत उतरवले. ई-स्टेप्स मात्र टिपायचे राहून गेले, इरेझ केल्यावर आठवलं. आता फिलामेंटवर १०० मिलिमीटरची खूण करून मोजावं लागेल, माझीच चूक. बूटलोडर गेला, व्हेरिफायही झाला. स्क्रीन निळी-कोरी आहे, पण आता भीती वाटत नाही. फर्मवेअर उद्या. गावात लाईट नाही, मोबाईलवरून लिहून राहिलो.