शब्दचर्चा: इंजिनाची निगा, देखभाल की दुरुस्ती?

प्रश्न: विमानाच्या इंजिनांच्या मेंटेनन्सवर मराठीत लेख लिहितेय. आत नक्की किती झीज झालीय हे माहीत नसताना इंजिन विमानावरून कधी उतरवायचं ते कसं ठरवतात, असा विषय. 'इष्टतम परिरक्षण वेळापत्रक' (ऑप्टिमल मेंटेनन्स शेड्यूल) लिहिलं तर संपादक म्हणतात कुणाला कळणार नाही, 'दुरुस्तीचं वेळापत्रक' करा. पण दुरुस्ती बिघडल्यावर करतात ना?

प्रतिसाद: दुरुस्ती नकोच. लवकर उतरवलं तर शिल्लक आयुष्य वाया, उशीर केला तर इंजिन भलत्याच विमानतळावर बिघडून विमान अडकतं, म्हणजे सगळं गणित बिघडायच्या आधीचंच आहे. 'निगा' लिहा.

प्रतिसाद: निगा फारसी आहे, 'निगाह' वरून. 'देखभाल' असताना उसना शब्द कशाला?

प्रतिसाद: निगाह म्हणजे नजर, म्हणून तर तो चपखल बसतो! मी इंजिन शॉपमध्ये काम करतो, आमचं निम्मं काम बघण्याचंच, बोरस्कोप (आत डोकावायची बारीक दुर्बीण) घालून ब्लेडला चीर गेलीय का बघा, तेलात धातूचे कण येतायत का बघा, एक्झॉस्टचं तापमान चढतंय का बघा. पूर्वी ठरलेले तास भरले की इंजिन उघडायचे, पण १९७८ च्या नोलन आणि हीप यांच्या अहवालात, ते ज्या अमेरिकन कंपनीत होते त्या युनायटेड एअरलाइन्सच्या अनुभवावरून दिसलं की वयाची मर्यादा घालून फायदा होऊ शकेल असे भाग जेमतेम ११ टक्के. डिस्कचं, म्हणजे ब्लेड जिच्यावर बसवतात त्या फिरत्या चकतीचं, मात्र वेगळं, एक उड्डाण म्हणजे एक सायकल, ठरलेल्या सायकली भरल्या की दिसायला कितीही चांगली असली तरी ती बाहेर. तिथे 'निगा' तोकडा पडतो हे मान्य.

प्रतिसाद: आणि 'देखभाल' तरी कुठे सोवळा, त्यातला 'भाल' हिंदीतल्या 'भालना' मधला, तोही बघणंच. माझी खरी हरकत 'इष्टतम' ला आहे. इष्ट कुणाला? भाड्याचं इंजिन असेल तर एअरलाइनला ते पुरेपूर वापरून घ्यायचं असतं आणि मालकाला ते आयुष्य शिल्लक असताना परत हवं असतं. हे सांगितल्याशिवाय 'तम' लावणं मला पटत नाही.

प्रतिसाद: 'वेळापत्रक' पण चूक वाटतं. तपासणीत काही दिसलं की तारीख सरकते, पुढची तपासणी जवळ येते. वेळापत्रक म्हटलं की ठाम तारखा डोळ्यासमोर येतात.

प्रश्नकर्ती: मग वेळापत्रकाला काय म्हणू? लेख अडलाय.

प्रतिसाद: 'डागडुजी' कुणीच कसं सुचवलं नाही? त्यातला डाग म्हणजे झाळकाम (सोल्डरिंग), डाग देणे मधला, असं मला वाटतं. अस्सल धातूकामाचा शब्द.

प्रतिसाद: डागडुजी घराची असते हो, इंजिनाची नाही!