उत्तर : शाळेतलं पर्यावरण शिक्षण

शाळेत पर्यावरण शिकवायला वृक्षारोपण आणि घोषवाक्य स्पर्धा पुरेशा आहेत, असं एका सरांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. मराठवाड्यात हा विषय पाण्यापासूनच सुरू व्हावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. आज शाळेत असलेल्या बऱ्याच मुलांना हे ठाऊकच नाही!

सातवीच्या मुलांना शाळेचं छप्पर टेपनं मोजायला लावा. १०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर ७० हजार लिटर. थोडं वाया गेलं तरी केवढं उरतं! हा हिशोब पोरांनी स्वतः केला की घरी जाऊन आई-वडिलांशी वाद घालतात, आणि घालावाच. मग उसाला पाणी किती लागतं, तुरीला किती, हे प्रश्न आपोआप येतात. शेतकऱ्यांच्या घरांत ते अवघड आहेत, तरी टाळू नयेत.

गावातल्या विहिरीची पाणीपातळीही दर महिन्याला मोजा. दोरीला दगड बांधला की झालं. फक्त काठावर शिक्षकांनीच उभं राहावं, आकडे मुलांनी लिहावेत.