मेंटेनन्स अप्रेंटिसशिप: मेकॅनिकल की इलेक्ट्रिकल? शुक्रवारपर्यंत सांगायचंय!

घाईत_आहे
अप्रेंटिस म्हणून निवड झाली. फॉर्मवर ट्रेड लिहून शुक्रवारी द्यायचाय. दोन्हीपैकी कोणता घेऊ? निबंध नकोत, एका शब्दात सांगा.

ग्रीसवाला
मेकॅनिकल. झाला एक शब्द. आता तू सांग, प्लांट कसला? कोळसा, गॅस, पाणी, पवनचक्की, रिफायनरी? पवनचक्की असेल तर आधी उंचीची भीती वाटते का ते बघ, ट्रेड नंतर.

टेस्टलॅम्प
ग्रीसवाल्यांचं ऐकू नकोस, त्यांना प्रत्येक आजारावर बेअरिंग बदलणं हेच औषध माहीत. इन्स्ट्रुमेंटेशन, म्हणजे दाब-तापमान मोजणाऱ्या उपकरणांचं काम, मिळतंय का विचार. त्या उपकरणांचा ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल शून्यापासून का सुरू होत नाही, एवढं कळलं तरी निम्मी वाट सर झाली. वायर तुटली की शून्य येतं, म्हणून 'खरं' शून्य ४ वर ठेवलेलं असतं. डोक्याचं काम आहे, पाठ मोडत नाही.

ग्रीसवाला
पोराने इन्स्ट्रुमेंटेशन विचारलंच नाही. आणि पंप-मोटरचं अलाइनमेंट, म्हणजे दोघांचे शाफ्ट एका रेषेत आणणं, बिनडोक्याचं काम वाटतं का? मोटरचा एक पाय जरासा अधांतरी असेल तर बोल्ट आवळताच डायल गेजचा काटा हलतो. थंड असताना जुळवलेला शाफ्ट गरम झाल्यावर कुठे जाईल, त्याचा हिशोबही आधीच करावा लागतो.

निवृत्त_बॉयलर
भांडा खुशाल. मुला, ट्रेड कुठलाही घे, पण दुरुस्तीआधी मशीन बंद करून त्यावर लावलेल्या स्वतःच्या कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या हाती देऊ नकोस. ब्रेकर बंद करून कुलूप-टॅग लावलास म्हणजे काम संपलं नाही. स्टार्टचं बटण दाबून मशीन खरंच मेलंय का बघ. इलेक्ट्रिकलवाले असाल तर मीटर आधी चालू तारेवर तपासा, मग बंद तारेवर, मग पुन्हा चालूवर. शिवाय स्प्रिंग, कपॅसिटर, पाइपातला दाब, वर टांगलेलं वजन यांना ब्रेकर बंद झाल्याचं कोणी कळवत नाही. माझ्या एका उस्तादाच्या हातावर त्याची खूण होती, शेवटपर्यंत.

सावली
सेफ्टी बूट अर्धा नंबर मोठे घ्या. दिवसभरात पाय सुजतात.

टेस्टलॅम्प
बूट कोणी विचारले?

घाईत_आहे
गॅस टर्बाइन आहे, आणि तिच्या धुराच्या उष्णतेवर चालणारं वाफेचं टर्बाइनही. भांडू नका हो. मला इलेक्ट्रिकलच आवडतं. फक्त लाल आणि हिरवा थोडे सारखे दिसतात, त्याने काही बिघडत नाही ना?

ग्रीसवाला
!!! हे पहिल्या ओळीत लिहायचं सोडून शेवटी? मेडिकल झाली का?

घाईत_आहे
सोमवारी आहे. फॉर्म शुक्रवारी. म्हणून तर विचारतोय.

टेस्टलॅम्प
आता मात्र ग्रीसवाल्यांशी सहमत, नोंद घ्यावी. तारा आणि पॅनेलवरचे दिवे रंगानेच ओळखतात, त्यामुळे बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रिकल आणि इन्स्ट्रुमेंटेशनसाठी रंगदृष्टीची चाचणी असते. आकडे लिहिलेले ठिपक्यांचे पत्ते दाखवतात. ते पाठ करून जाणारेही पाहिलेत. तू तसलं काही करू नकोस.

निवृत्त_बॉयलर
लपवू नकोस, फोन कर. तुझ्यासाठी आणि शेजारी काम करणाऱ्यासाठीही. आणि 'थोडे सारखे' म्हणजे किती हे डॉक्टरच ठरवतील, आपण इथे बसून नाही.

ग्रीसवाला
मेकॅनिकल मिळाला तर रडू नकोस. ५० हर्ट्झवर दोन पोलचा जनरेटर मिनिटाला ३००० फेरे घेतो. त्याचं बेअरिंग उघडायला तुला आत घेतील ना, तेव्हा ये इथे आणि सांग कंटाळा आला का.

घाईत_आहे
फोन केला. रंगाची परीक्षा उद्याच करू, तोवर फॉर्मवर ट्रेड रिकामा ठेव म्हणाले. पण फॉर्ममध्ये बुटाचा नंबरही विचारलाय. सावलीताई, अर्धा मोठा म्हणजे जाड मोजे घालून की तसाच?