प्रतिसाद: दहा गावठी कोंबड्यांचं खुराडं

दहा गावठी कोंबड्यांसाठी खुराडं कसं बांधावं, असं तुम्ही विचारलंय. दिवसा मोकळ्या सोडणार असाल तर दहा कोंबड्यांना ६ बाय ४ फुटांचं खुराडं पुरेल. पण इथे कुणी सुचवलेली षटकोनी भोकांची जाळी नको. ती कोंबड्यांना आत ठेवते, कुत्र्याला बाहेर नाही. आणि इंचभर भोकातून साप, मुंगसाचं पिल्लू आरामात शिरतं. अर्ध्या इंचाच्या भोकांची वेल्डमेश (तारा एकमेकींना जोडून केलेली चौकोनी जाळी) घ्या, महाग पडली तरी. तळाशी तीच जाळी फूटभर बाहेर आडवी पसरून मातीखाली गाडा, म्हणजे उकरणारा जनावर तिथेच अडतो.

लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, दुपारचं ऊन आत येत नाही. कोकणात पावसासाठी छप्पर भिंतीबाहेर दोन फूट आलेलं हवंच. खाली पसरलेला भाताचा तूस भिजला की अमोनियाचा वास सुटतो, मग रक्ती हगवण. तूस तीन-चार इंच पसरा, आठवड्याला खालीवर करा.

बसायच्या दांड्या अंडी घालायच्या खोक्यांपेक्षा उंच हव्यात, नाहीतर कोंबड्या खोक्यातच झोपून घाण करतात. दर कोंबडीला आठ-दहा इंच दांडी, चार-पाच कोंबड्यांमागे फूटभर लांबी-रुंदी-उंचीचा एक खोका. छपराच्या पत्र्यावर उन्हाळ्यात झावळ्या टाका. खुराड्याचं दार मात्र माणूस वाकून आत शिरेल एवढं ठेवा. झाडलोट तुम्हालाच करायची आहे.