मदत हवी आहे: हात धुवायच्या रांगेत 5 वर्षांचा मुलगा रोज कुणाला तरी मारतो
(मंचावरची चर्चा; 'निरीक्षण', 'वाचाउपचार' आणि 'रंगखडू' ही उत्तर देणाऱ्यांची टोपणनावं)

धागाकर्ती
नमस्कार. मोठ्या शिशुवर्गाला शिकवते. वर्गात 26 मुलं, मोठी माणसं दोन: मी आणि मदतनीस ताई. एक मुलगा, वय 5 वर्षं 1 महिना, गेले दोन महिने जवळजवळ रोज कुणाला तरी ढकलतो, पाठीत बुक्का मारतो, दोनदा चावलासुद्धा. गोष्टीच्या वेळी छान बसतो, ठोकळे खेळताना इतरांना घेऊन खेळतो. भांडण बहुतेक वेळा एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाताना होतं.

आतापर्यंत केलेले उपाय: वेगळ्या खुर्चीवर 5 मिनिटं बसवणं, ज्याला लागलं त्याला 'सॉरी' म्हणायला लावणं, आणि दिवसभर मारलं नाही तर सुटताना स्टिकर. तिन्हींचा उपयोग नाही. पालकांना कुणीतरी 'हा अतिचंचल आहे' असं सांगितल्याने ते फार घाबरलेत. वर्गात नेमकं काय बदलू?

निरीक्षण
उपाय बदलण्याआधी पाच शाळेचे दिवस फक्त नोंद ठेवा. वहीच्या पानावर चार रकाने: वेळ आणि जागा, मारण्याआधीच्या अर्ध्या मिनिटात काय झालं, त्याने नेमकं काय केलं, आणि त्यानंतर त्याला काय मिळालं. सगळ्यात महत्त्वाचा शेवटचा रकाना, आणि नेमका तोच बहुतेक जण रिकामा सोडतात.

लिहिताना 'चिडला', 'हट्ट केला' नको. 'उजव्या हाताने पुढच्या मुलीच्या पाठीवर ढकललं' असं लिहा, म्हणजे तुमची आणि ताईंची नोंद जुळेल. आणि हो, तशाच प्रसंगात तो शांत राहिला तर तेही टिपा. उत्तर बऱ्याचदा त्या शांत वेळांत सापडतं.

वाचाउपचार
नोंद चालू असतानाच कान तपासून घ्यायला सांगा. या वयात सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचणं अगदी नेहमीचं. त्याने ऐकू येणं कमीजास्त होतं: आज सूचना कळते, उद्या नाही. शांत खोलीत समोर बसून बोललं की सगळं नीट, पण गोंगाटात मागून कुणी 'सरक' म्हटलं तर कळत नाही, आणि थेट धक्काच जाणवतो. पाठीमागून हाक मारून पाहणं ही तपासणी नव्हे. ऑडिओलॉजिस्टकडे ऐकण्याची आणि पडद्याच्या हालचालीची, अशा दोन्ही चाचण्या करून घ्याव्यात.

पालकांना आणखी एक विचारा: झोपेत घोरतो का, तोंड उघडं ठेवून श्वास घेतो का? नाकामागची गाठ, म्हणजे ॲडेनॉइड, वाढली असेल तर झोपही मोडते आणि कानही बिघडतात. 3 ते 5 वर्षांच्या मुलाला 24 तासांत 10 ते 13 तास झोप लागते, दुपारची डुलकी धरून.

धागाकर्ती
पाच दिवसांची नोंद झाली. एकूण 13 प्रसंग. 10 हात धुवायच्या रांगेत, 2 बूट घालताना, 1 खेळताना.

रांगेतल्या 10 पैकी 8 वेळा आधी मागच्याचा धक्का किंवा स्पर्श झाला होता. पहिल्या सहा-सातांत उभा होता त्या दोन्ही दिवशी काही झालं नाही. चौथा रकाना लिहिताना मी थबकलेच: 10 पैकी 9 वेळा आम्ही त्याला रांगेतून काढून पुढे आपल्याजवळ उभं केलं आणि 'आधी तू हात धू, मग खुर्चीवर बस' म्हटलं.

कान तपासायला पालक तयार आहेत. घोरतो, असं आई म्हणाली.

निरीक्षण
हा मुलगा 'वाईट वागतो' म्हणण्यापेक्षा रांग त्याला झेपत नाही आणि मारणं हा रांगेतून सुटायचा खात्रीचा मार्ग झालाय, असं ही नोंद सांगते. त्याने ते ठरवून केलेलं नाही. शिक्षा म्हणून तुम्ही जे करत होतात तीच त्याची सुटका होती.

आधी रांगच मोडा. गणित करून बघा: 26 मुलं, दोन नळ, साबणासकट प्रत्येकी 35 सेकंद धरले तर शेवटच्या जोडीचे हात धुऊन होईपर्यंत साडेसात मिनिटं जातात. हाताला काम नाही, मागून धक्के चालू, अशा अवस्थेत इतका वेळ उभं राहणं या वयात फार. एका वेळी 6 मुलंच उठवा, बाकीची बसून ताईंबरोबर गाणं किंवा कोडी. मग उभं राहणं दोन मिनिटांच्या आत येतं. जमिनीवर चिकटपट्टीने पावलं काढा, दोन पावलांत मुलाच्या हाताएवढं अंतर. त्याला पहिल्या सहांत घ्या, पण दुसऱ्या-तिसऱ्या जागी. कायम पहिला नको, नाहीतर त्यावरून नवं भांडण.

मग एक वाक्य शिकवा: तळहात पुढे करून 'थोडं मागे हो'. हे शांत वेळी, बाहुल्यांची रांग लावून, रोज 2 मिनिटं. बाहुलीने धक्का दिला की त्याने हात पुढे करून बोलायचं, सात-आठ वेळा. भांडण पेटल्यावर शिकवलेलं डोक्यात शिरत नाही. हे वाक्य सगळ्या वर्गालाच शिकवा, कारण समोरचा मागे सरकला नाही तर त्या वाक्यावरचा विश्वास एका दिवसात उडेल. खऱ्या रांगेत उभं राहण्याच्या क्षणी कानाशी आठवण: 'धक्का लागला तर काय म्हणायचं?' आणि तो म्हणाला की लगेच, दोन-तीन सेकंदांत: 'हात पुढे केलास, तोंडाने सांगितलंस.' नुसतं 'शाब्बास' नको. नेमकं काय जमलं ते त्याला कळू दे.

तरीही मारलं तर आधी लागलेल्या मुलाकडे जा. याला एकच वाक्य, 'मारायचं नाही', आणि परत रांगेत, शेजारी मोठं माणूस. पुढे आणायचं नाही. सुरुवातीचे काही दिवस मारणं वाढू शकतं, कारण जुनी किल्ली लागेना की मूल ती आणखी जोरात फिरवतं. तिथे एकदा जरी पुढे आणलंत तर 'जास्त जोरात मारलं की चालतं' हे शिकवलं जाईल, आणि अधूनमधून फळ मिळणारी सवय मोडायला सगळ्यात अवघड.

रंगखडू
रांग मोडण्याशी पूर्ण सहमत. मात्र मारल्यावर लगेच परत रांगेत, हे मला पटत नाही. त्या वेळी छाती धडधडत असते, मुठी वळलेल्या असतात. त्याच गर्दीत ढकललं तर दुसरा बुक्का ठरलेला. आधी बाजूला, मोठ्या माणसाजवळ, दोन-तीन मिनिटं. बोलणं कमी, आवाज खाली, तुमचा श्वास संथ. खांदे खाली आले, नजरेला नजर देऊ लागला की मग रांगेत, होता त्याच जागी. एकट्याला खुर्चीवर बसवून शांत होणं त्याला अजून येत नाही. ते तुमच्या सोबतीनेच येणार.

दुसरं, सुटकेचा रीतसर रस्ता द्या. हाताच्या पंजाचं चित्र असलेलं कार्ड त्याच्या खिशात. 'आता थांबवत नाही' असं वाटलं की कार्ड ताईंच्या हातात द्यायचं, आणि मारण्याआधी दिलं तर लगेच, न चुकता, रांगेबाहेर काढायचं. पहिला आठवडा दहादा दिलं तरी द्या. कार्ड बुक्क्यापेक्षा लवकर चाललं तरच मूल बुक्का सोडतं. नंतर 'हे गाणं संपलं की' असं करत थांबणं थोडं थोडं वाढवा.

'सॉरी' सक्तीचं नको. दुसऱ्याच्या मनात आपल्यापेक्षा वेगळं काही चालू असतं हे साधारण 4 ते 5 व्या वर्षी नीट उमजू लागतं. रागाच्या भरात तेही निसटतं. शांत झाल्यावर 'तिला बरं वाटायला काय आणूया?' विचारा. ओला रुमाल, पडलेली बाटली, काहीही. पण तिला हवं असेल तरच.

स्टिकर दिवसाच्या शेवटी म्हणजे 5 वर्षांच्या मुलासाठी फार लांब. सकाळी 10 वाजता हात उगारला की त्याच्यासाठी दिवस संपलाच, मग उरलेल्या वेळात सांभाळायचं कशासाठी? बंद करा.

निरीक्षण
रंगखडू, शांत होण्याचा वेळ माझ्याकडून राहिला, तो हवाच. फक्त त्या दोन मिनिटांत हात धुऊन होता कामा नयेत, एवढं पाहा. कार्डाची कल्पना माझ्या योजनेपेक्षा चांगली.

वाचाउपचार
पालकांच्या भीतीबद्दल. अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी, ठरवताना लक्षणं किमान 6 महिने आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसावी लागतात. गोष्टीला बसणारा, ठोकळ्यांत रमणारा आणि बहुतेक वेळा रांगेतच मारणारा मुलगा त्या चित्रात सहज बसत नाही. निदान डॉक्टरांचंच; तुमची पाच दिवसांची वही मात्र त्यांना जरूर द्या. पुढे निदान झालं तरी 4-5 वर्षांच्या मुलांत औषधाआधी पालकांना वागणूक हाताळण्याचं प्रशिक्षण, हाच पहिला उपाय सुचवला जातो.

थांबून चालणार नाही अशा गोष्टी वेगळ्या: येत असलेलं बोलणं किंवा शू-शीवरचा ताबा जाणं, स्वतःला इजा करणं, एखाद्या विशिष्ट माणसाची किंवा जागेची अचानक भीती. तिथे बालरोगतज्ज्ञ त्याच आठवड्यात.

घोरण्यासाठी कान-नाक-घशाचे डॉक्टर पाहू देत. पालकांशी हे बोलणं फाटकापाशी, चार जणांसमोर नको.

धागाकर्ती
सोमवारपासून सहा-सहाचे गट आणि पावलं सुरू करते. एक प्रश्न उरतो: काही पडलं, कुणी रडलं की बाकीची मुलं न बघता त्याचं नाव घेतात. तोही आता 'मी मारतोच' म्हणायला लागलाय.

रंगखडू
हे आजपासूनच हाताळा, कारण अशी ओळख पुढच्या वर्गातही मुलाबरोबर जाते. रडण्याचा आवाज आला की 'कुणी केलं?' विचारू नका. 'तू काय पाहिलंस?' विचारा. ज्याने पाहिलं नाही तो गप्प बसतो. रोज एक काम त्याला एका शांत जोडीदारासोबत द्या, दोघांचे हात लागल्याशिवाय न होणारं: सतरंजीची दोन टोकं धरून घडी घालणं, ठोकळ्यांची टोपली उचलणं. जोडीदार आठवडाभर तोच ठेवा. काम झालं की सगळ्यांना ऐकू जाईल असं दोघांची नावं घेऊन सांगा. 'मी मारतोच' म्हणाला तर वाद घालू नका. 'काल कार्ड दिलंस तेव्हा मारलं नाहीस' एवढंच म्हणा, आणि तो दिवस वहीत त्याला दाखवा.

दहा शाळेच्या दिवसांनी पुन्हा तीच नोंद ठेवा आणि आकडे इथे टाका.