कर्सर अडखळतो आणि मग उडी मारतो (डेबियन लिनक्स, ग्नोम डेस्कटॉप)

धागाकर्ता:
तीन दिवस डोकं उठलंय. वायरलेस माऊस आहे, यूएसबीत खोचायच्या छोट्या डोंगलवाला. कर्सर चालता चालता अडखळतो, जागच्या जागी थरथरतो आणि मग एकदम वीतभर पुढे जाऊन पडतो. काल 'जतन करा'वर जाताना 'पाठवा' दाबलं गेलं आणि अर्धवट मेल साहेबांकडे पोचला. सेल बदलला, सेन्सरमधला केस काढला, पॅडऐवजी साधा कागद ठेवून पाहिला. स्क्रीनवर खिडक्या दाखवणारी वेलँड व्यवस्था सोडून जुन्या एक्स११मध्ये गेलो, तिथेही तेच. गंमत म्हणजे सकाळचा पहिला अर्धा तास सगळं सुरळीत! आता जुना कर्नल (लिनक्सचा गाभा) टाकायच्या बेतात आहे.

प्रतिसाद १:
कर्नलला इतक्यात हात लावू नका. लिबइनपुट-टूल्स हे पॅकेज (माऊस-कीबोर्डकडून काय येतंय ते दाखवणारं) टाका आणि टर्मिनलमध्ये सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने, 'लिबइनपुट डीबग-इव्हेंट्स' चालवा. माऊसवरून हात काढा. तरीही ओळी येत राहिल्या तर डावीकडच्या इव्हेंट क्रमांकावरून उपकरण सापडेल. लॅपटॉपवर बऱ्याचदा टचपॅडच चोर निघतो. काहीच आलं नाही तर माऊस सावकाश गोल फिरवा आणि वेळेचा रकाना बघा.

प्रतिसाद २:
पॉवरटॉपचं (वीज वाचवायचं साधन) ऑटो-ट्यून चालवलंय का? ते यूएसबीचं ऑटोसस्पेंड चालू करतं. मग माऊस २ सेकंद स्वस्थ राहिला की झोपतो आणि पुढची पहिली हालचाल वाया जाते.

धागाकर्ता:
पॉवरटॉप नाही. आणि माझा माऊस झोपेतून उठताना नाही, फिरत असतानाच अडखळतो. हात काढला की एकही ओळ नाही, म्हणजे भूतबाधा नाही. पण फिरवताना ओळी ८-८ मिलीसेकंदांनी येतात आणि मध्येच १५०-२०० मिलीसेकंदांचं भगदाड पडतं.

प्रतिसाद १:
८ मिलीसेकंद म्हणजे सेकंदाला १२५ वेळा, हे बरोबर आहे. भगदाड पडतं तिथे माऊसचा निरोप डोंगलपर्यंत पोचतच नाहीये. डोंगल कुठे खोचलाय? शेजारी यूएसबी ३ची हार्ड डिस्क आहे का? यूएसबी ३ची केबल आणि जोडणी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करते आणि हे डोंगल त्याच पट्ट्यात बोलतात. इंटेलने २०१२ साली यावर अख्खा शोधनिबंध काढलाय. डोंगल एक्स्टेन्शन वायरने डिस्कपासून लांब आणा.

धागाकर्ता:
अहो, डिस्क आहे ना! रोज मशीन सुरू करून चहा झाला की बॅकअपसाठी लावतो आणि दिवसभर तशीच राहते. डोंगल अगदी तिच्या बगलेत होता. आत्ता डिस्क काढली, कर्सर लोण्यासारखा. लावली, पुन्हा लंगडा. मीटरभर वायर लावून डोंगल कीबोर्डच्या बाजूला आणला, डिस्क चालू आहे, पाच मिनिटं गोल गोल फिरवतोय, भगदाड नाही.

साहेबांना मेलचा खुलासा काय द्यावा, ते वेगळ्या धाग्यात विचारतो.