मदत हवी आहे: नाशिकची वाइन अमेरिकेत आणायची आहे. आधी न्यू जर्सी की पेनसिल्व्हेनिया?

नमस्कार मंडळी,

माझ्या आतेभावाची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आणि छोटी वायनरी आहे. शिराझ आणि चेनिन ब्लां, दोनच वाइन करतो, पण मन लावून करतो. त्याला आता इथे माल पाठवायचा आहे आणि अमेरिकेतलं घरचं माणूस म्हणजे मी. मी पेनसिल्व्हेनियात, पिट्सबर्गला असते, काम सॉफ्टवेअरचं. चार महिने वाचतेय, फोन करतेय. बरंचसं समजलं, पण दोन-तीन ठिकाणी अडलेय. या धंद्यातल्या कुणी उत्तर दिलं तर फार उपकार होतील.

आधी आमच्या हातून झालेली चूक सांगते, म्हणजे दुसऱ्या कुणाची होणार नाही. मार्चमध्ये त्याने नमुन्याच्या दोन बाटल्या कुरिअरने पाठवल्या. आत्याने त्या आपल्या जुन्या सुती साडीत गुंडाळल्या आणि खोक्यावर लिहिलं ‘सरबत’. पार्सल आलंच नाही, पत्र आलं. आत दारू निघाली, कागदावर लिहिलेलं आणि आतलं जुळत नाही, माल जप्त. बाटल्यांचं काही वाटलं नाही, पण आत्याची ती फिकट निळी साडी गेली आणि खोटं लिहून पाठवल्याची नोंद आपल्या नावावर लागली, याची मला आजही लाज वाटते.

तेव्हापासून भावाचं एकच पालुपद. “ताई, देश एक, चलन एक, मग दर राज्यात वेगळा परवाना कशाला?” मी त्याला म्हटलं, अरे, वणीवरून सापुताऱ्याला जाताना गाडीत बाटली ठेवायची नाही हे तुला शाळेत असल्यापासून ठाऊक आहे. दारू आपल्या घटनेतही राज्यसूचीतच आहे. इथलं त्याहून एक पाऊल पुढे आहे, इतकंच. १९२० पासून तेरा वर्षं देशभर दारूबंदी होती. ५ डिसेंबर १९३३ ला एकविसाव्या घटनादुरुस्तीने ती उठली, पण त्याच दुरुस्तीच्या दुसऱ्या कलमात लिहिलंय की एखाद्या राज्याचा कायदा मोडून तिथे दारू नेणं निषिद्ध आहे. म्हणजे बंदी दिल्लीने उठवली आणि निर्णय गल्लीवर सोपवला, असं समजा. मिसिसिपी राज्याने आपली बंदी थेट १९६६ पर्यंत ठेवली. आणि ज्या छत्तिसाव्या राज्याच्या मताने देशाची बंदी उठली ते यूटा. तिथे आजही वाइन घ्यायला बहुतेक वेळा सरकारी दुकानातच जावं लागतं.

आमच्या पेनसिल्व्हेनियाची कथा तर ऐकण्यासारखी आहे. तेव्हाचे गव्हर्नर गिफर्ड पिंचो बंदीचे कट्टर समर्थक. देशाची बंदी उठतेय हे दिसल्यावर त्यांनी घाईघाईने कायदा करून दारूची विक्रीच सरकारच्या हातात घेतली आणि जानेवारी १९३४ पासून सरकारी दुकानं उघडली. ती अजून आहेत. १९३६ ला जॉन्सटाउनला पूर आला, त्याच्या मदतीसाठी दारूवर १० टक्के तात्पुरता कर बसवला. पूर ओसरून किती पिढ्या झाल्या, कर मात्र वाढत वाढत १८ टक्क्यांवर गेला आणि मी आजही प्रत्येक बाटलीमागे तो भरते.

हे सगळं जुनाट आहे, असं सुरुवातीला मलाही वाटायचं. माझं मत बदललं ते भावाच्याच एका प्रस्तावामुळे. न्यू जर्सीतल्या एडिसनला आमच्या ओळखीच्यांचं दारूचं दुकान आहे. भाऊ म्हणाला, “भाओजींना त्यात भागीदारी घ्यायला सांग. माल आपला, दुकान आपलं, दर्शनी फळीवर आपल्याच बाटल्या.” ऐकायला किती सोपं! पण बंदीच्या आधी अमेरिकेत नेमकं हेच चालायचं. बिअरच्या कंपन्या गुत्तेवाल्याला जागा, आरसे, टेबलं, परवान्याची फी, सगळं द्यायच्या. बदल्यात त्याने त्यांचीच बिअर विकायची आणि जास्तीत जास्त खपवायची. कर्जात बुडालेला गुत्तेवाला मग गिऱ्हाइकाला “आता पुरे, घरी जा” का म्हणेल? पगाराचा दिवस की पाकीट रिकामं, आणि घरी बायका-मुलं वाट बघतायत. त्यातूनच बायकांचा संताप पेटला आणि बंदी आली. म्हणून १९३३ नंतर बहुतेक राज्यांनी करणारा, घाऊक विकणारा आणि दुकानदार या तिघांना एकमेकांपासून वेगळं काढलं.

माझ्या सासूबाई सध्या आमच्याकडे आल्यात. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदान झालं तेव्हा दिवसभर उन्हात रांगेत उभ्या राहून त्यांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला होता. दुकान बंद झालं. हे सगळं त्यांना सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, “इथं गावाला मत देता येतं का?” येतं. पेनसिल्व्हेनियातसुद्धा गावं मतदान घेऊन दारू बंद ठेवू शकतात. टेनेसीतल्या ज्या लिंचबर्गला जॅक डॅनियल्स बनते तो परगणाच मुळात कोरडा म्हणून ओळखला जातो. सासूबाईंना ते मनापासून पटलं. मलाही. वाइन विकायचीच आहे, पण कुणाच्या तरी गावाने ठरवलेलं मोडून नाही.

आता अडचणी. भागीदारीचा नाद सोडायचा हे मी ठरवलंय, पण नवऱ्याच्या नावावर अगदी पाच टक्के वाटा असला तरीही अडचण येते का? पहिलं पाऊल कुठे टाकावं? न्यू जर्सीत खाजगी दुकानं आणि आपली माणसंही पुष्कळ. पेनसिल्व्हेनियात घाऊक गिऱ्हाईक एकच, म्हणजे सरकारचं मंडळ. किराणा दुकानांतून २०१६ पासून चार बाटल्यांपर्यंत वाइन मिळते, पण तेही मंडळाकडूनच माल घेतात. आणि एका आयातदाराने “सगळ्या राज्यांचे हक्क एकदम लिहून द्या” म्हणून कागद पाठवलाय. सही करावी का?

प्रतिसाद १

ताई, मी न्यू जर्सीत घाऊक वितरकाकडे अकरा वर्षं काम करतोय. तुमच्या नवऱ्याचा वाटा पाच टक्के असो वा एक, वायनरीत तुमच्या घराचे पैसे असतील तर दुकानात नकोच. इथे परवान्यामागे कोणाचा पैसा आहे हे खोदून विचारतात. शिवाय न्यू जर्सीत एका मालकाला अशा दुकानांचे दोनच परवाने ठेवता येतात, म्हणून छोटी दुकानं टिकून आहेत. तुमच्या भावाला अशीच दुकानं हवीत, कारण तिथला मालक स्वतः बाटली उघडून चाखतो.

तो कागद सही करू नका. काही राज्यांत एकदा वितरक नेमला की सबळ कारणाशिवाय बदलता येत नाही. एक राज्य, ठरावीक मुदत, किती पेट्या उचलणार हे लेखी, एवढंच द्या. आयातदाराकडे केंद्राचा परवाना आहे ना ते बघा. लेबल आधी मंजूर करून घ्या, छपाई नंतर. सल्फाइटचा उल्लेख, आरोग्याचा इशारा, आयातदाराचं नाव-गाव, यातलं एक राहिलं तरी कंटेनर बंदरात अडकतो.

प्रतिसाद २

इतिहास पटला, पण आज या तीन पायऱ्यांचा फायदा मधल्या घाऊक विक्रेत्यालाच जास्त होतो असं मला वाटतं. राज्यंही आपल्या लोकांना झुकतं माप द्यायची. २००५ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्वतःच्या वायनऱ्यांना घरपोच विक्रीची मुभा देऊन बाहेरच्या राज्यांतल्यांना अडवता येणार नाही. २०१९ ला टेनेसीची, परवान्यासाठी दोन वर्षं तिथे राहिलेलं असण्याची अट रद्द झाली. म्हणून नियम पाळा, पण सगळेच पवित्र मानू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. प्रतिसाद २, तुमचं म्हणणं मान्य आहे. आपल्याच माणसाची सोय बघणारी अट आणि गुत्त्याला कंपनीच्या कर्जातून सोडवणारी अट या वेगळ्या, आणि न्यायालयाने पहिलीलाच हात लावला याचं मला बरं वाटतं.

भावाशी काल रात्री बोलले. कागद परत पाठवला. न्यू जर्सी एकच राज्य, दोन वर्षं, शिराझच्या साठ पेट्या, असा मसुदा करतोय. लेबलचं काम त्याने हाती घेतलंय. एडिसन परिसरातल्या छोट्या आयातदारांशी कुणाचा चांगला अनुभव असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा, इथे नाव लिहू नका.